दोनदा बसलेला माणूस

डुलीचंद पटले यांना मी दोनदाच बसलेलं पाहिलं. ओळख चौदा-पंधरा वर्षांची. एवढ्या काळात एकदा बोटीच्या तळाशी आणि एकदा त्यांच्याच दुकानात. नागपूर-रायपूर हायवेवरच्या निम्म्या ट्रकवाल्यांना धड बसवणारा हा माणूस स्वतः मात्र कायम उभा, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला मी थट्टा करतेय असं वाटतं. थट्टा नाही. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला बरंच काही होतं, त्यांच्यासाठी साधं स्टूलही नव्हतं.

दुकान सडक अर्जुनीत, हायवेला लागून. टिनाचं शेड, पाटी नाही. बाहेरच्या खांबाला ट्रकची एक जुनी सीट टांगलेली, तीच पाटी. आत फोमच्या लाद्या, रेक्झिनच्या गुंडाळ्या, भिंतीला दाभणं खोचलेली आणि मधोमध छातीइतकं उंच टेबल. त्या टेबलाशी उभे राहून डुलीचंदजी फोम कापत. कोपऱ्यात शिलाई मशीनवर त्यांच्या पत्नी सुकवंताबाई. शिवणं बसूनच करावं लागतं, म्हणून ते काम बाईंकडे गेलं असावं असा माझा तर्क होता. बाईंना एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घरी जेवतानीच बसते हा मानूस, तेबी घाईनं."

हे पोवार समाजातले. कामठ्याकडे भावांची धानाची शेती, ऐपत बरी. शेती सोडून ते या धंद्यात कसे पडले हे मी कधी नीट विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अंगानं काटकुळे, मिशी पांढरी, कानामागे खडू. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे ते फारसं पाहत नसत. त्यांचं सगळं लक्ष कमरेखाली, आणि हे वाक्य वाचून कुणी काही भलतं समजू नये म्हणून पुढचा किस्सा आधी सांगते.

मी तेव्हा तिथून जवळच्याच एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. माझ्या स्कुटीची सीट उंदरांनी कुरतडली. कुणीतरी पटल्यांचं दुकान सांगितलं. मी गेले, गाडी दाखवायला लागले तर डुलीचंदजींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"गाडीचं मंग पाहू. तुमी बसा."

समोर एक पोतं होतं. त्याला ते बोरी म्हणत. राइसमिलमधून आणलेल्या धानाच्या कोंड्यानं अर्धी भरलेली, लाकडी चौकटीत ठेवलेली. मला वाटलं, गरीब दुकान, बसायला एवढंच असेल. बसले. चहा आला. चहा संपेपर्यंत ते टेबलाशी आपलं काम करत राहिले. कप खाली ठेवला तसे वळले.

"आता उठा. हात नोका लावू बोरीले."

मी उठले. कोंड्यात पडलेल्या खळग्यावर ते वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांची नजर नाडी पाहणाऱ्या वैद्याची होती, तिच्यात दुसरं काही नव्हतं.

"बाई, डाव्या खांद्यावर काही वजन वागवता का?"

लशींचा डबा. अकरा वर्षं तो माझ्या डाव्या खांद्याला लटकत होता. मी हो म्हटलं.

"म्हनूनच. कंबर उजवीकडं लोटून बसता. उजवा फोम जरा टनक टाकतो."

टाकला. त्या दिवसापासून माझी पाठदुखी पळाली असं मी म्हणणार नाही. कमी झाली. नर्स असल्यामुळे मी चमत्कारांबाबत जरा हात राखूनच बोलते.

ही बोरीची रीत त्यांची स्वतःची. रायपूरचा ड्रायव्हर असो की हरियाणाचा, आधी बोरीवर बसायचं, चहा प्यायचा, उठायचं. फोम खळग्यावरून कापला जायचा. खळगा बघून ते सांगायचे, हा क्लचवरचा पाय उचलत नाही, हा खिशात पाकीट ठेवून बसतो, याला मूळव्याध आहे पण सांगत नाही. शेवटच्या प्रकारातले दोन-तीन लोक त्यांनी माझ्याकडे पाठवलेही. निदान बरोबर होतं.

बोरीनंतरचा नियम असा की सीट कापण्याआधी एकदा गाडीत सोबत जायचं. ड्रायव्हर चालवतो कसा ते इंजिनाच्या बॉनेटजवळ टेकून बघायचं. देवरीपर्यंत जायचं आणि येणाऱ्या ट्रकनं परत यायचं. एकदा जेवायची वेळ झाली तरी हे आले नाहीत, संध्याकाळी नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. सुकवंताबाई फोन करून थकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारी लोखंडाच्या ट्रकमधून उतरली. रायपूरला जाऊन आले होते.

"देवरीलेच समजलं होतं, त्याची मान दुखते," ते म्हणाले. "पन तो बोलून राहिला होता, पोरीच्या लग्नाचं. मधातच उतरतो कसं म्हनू?"

सुकवंताबाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्या दोन दिवसांत त्यांनी शिवलेल्या टिपा जरा वाकड्या आहेत असं डुलीचंदजींनी मला हळूच दाखवलं.

आणखी एक खोड होती. एकासाठी बनवलेल्या सीटवर दुसऱ्यानं बसलेलं त्यांना खपायचं नाही. एका ट्रकची सीट तयार होऊन बाहेर ठेवली होती, ड्रायव्हर जेवायला ढाब्यावर गेला, तेवढ्यात त्याचा क्लीनर तिच्यावर पाय पसरून बसला. डुलीचंदजींनी त्याला उठवलं, शिलाई उसवली, फोम काढला आणि नवा कापायला घेतला. ड्रायव्हर आला तो डोक्याला हात लावून. "चाचा, पाँच मिनट तो बैठा था!"

"पाच मिनिटंच पुरते," डुलीचंदजी म्हणाले. "दुसऱ्याच्या मापात बसलं का त्याचंबी बिघडते अन् आपलंबी." स्वतः ते कधी का बसत नाहीत याचं उत्तर मला तेव्हा मिळालं असं वाटलं. त्यांच्या दुकानात जे काही होतं ते कुणा ना कुणाच्या मापाचं होतं.

आता बोटीचं सांगते. आमच्या उपकेंद्राच्या पुढं धरणाचं पाणी होतं आणि पाण्यापलीकडं जांभूळटोला. पाऊस पडला की होळीपर्यंत टोल्याचा रस्ता पाण्याखाली. जंगलातून वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडायचा. ग्रामपंचायतीला कुठल्याशा योजनेतून एक लहान फायबरची बोट मिळाली होती. मागं मोटार, उजव्या हाताला स्टिअरिंग आणि त्यामागं चालवणाऱ्यासाठी प्लास्टिकची सीट. गुरुजी, मी, डाकवाला, दळणाचे डबे, शेळ्या, सगळे तिच्यातून जायचे. ती चालवायचे सोमाजी वलथरे.

सोमाजी ढिवर, म्हणजे मासेमार जातीचे. जन्म डोंग्यात गेलेला. पोकळ लाकडाच्या त्या डोंग्यात उभं राहून बांबूनं पाणी ढकलत मोठे झालेले. त्यामुळे मोटारबोटीतही ते उभेच राहत. प्लास्टिकच्या सीटवर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा. उभं राहण्याला कारणही होतं. धरण भरलं तेव्हा बुडीत जंगलातली झाडं तोडली होती, पण खुंट तसेच राहिले होते. पाणी उतरायला लागलं की ते वीतभर पाण्याखाली येतात. उभ्या माणसाला ते दिसतात, बसलेल्याला नुसती पाण्याची चकाकी दिसते. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

सोमाजींचा उजवा गुडघा गेला होता. मी स्वतः तपासला, गोंदियाला पाठवलं, फोटो काढून आणला. तासन्‌तास उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ते त्यांच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं. सरपंचबाई समजूतदार होत्या, पण त्यांच्यावर बोटीची जबाबदारी होती. त्या स्पष्ट म्हणाल्या, "सोमाजी बसून चालवत असतील तं चालवू दे. नाही जमत तं दिवाळीनंतर दुसरा मानूस पाहाव लागते. पान्याचं काम हाय, उद्या कोनी बुडलं तं?" दुसरा माणूस तयारही होता. त्याच्याजवळ कोर्स केल्याचा कागद होता. या पाण्यातला एकही खुंट त्याच्या ओळखीचा नव्हता.

सोमाजी सहसा बोलत नसत. त्या दिवशी पंचायतीतून परत येताना म्हणाले, "सिस्टरबाई, बोट गेली तं मी काय करू? काठावर बसू? ढिवराले काठावर बसवलं का तो मेलाच समजा." मला वाईट वाटलं. मी म्हटलं, चांगली सीट करून घेऊ, माझ्या ओळखीचा माणूस आहे. बसून चालवा, गुडघाही राहील आणि बोटही राहील.

तर मी सोमाजींना घेऊन दुकानात गेले. सोमाजी बोरीवर बसले. चहा प्याले. उठले. डुलीचंदजी खळग्यावर वाकले, म्हणाले, "उजव्या पायावर भारच देत नाही. डाव्या कुल्ह्यावर सारा मानूस." सोमाजी चकित झाले. मला कौतुक वाटलं. मग मी म्हटलं, आता बोटीतून एक चक्कर मारायला कधी येता?

डुलीचंदजींनी खडू कानामागून काढला आणि परत लावला.

"त्याची गरज नाही, बाई."

"का बरं? ट्रकमध्ये तर रायपूरपर्यंत जाता."

"ट्रक रस्त्यावर चालते."

मशीनवरून सुकवंताबाई म्हणाल्या, "पान्याले भेते तो. आंघोळबी बादलीनं करते, नदीवर गेले तं काठावरूनच हात जोडते."

"हो, भेतो," डुलीचंदजी म्हणाले. लाजले नाहीत. "मले पान्याचं भेव लागते. माप भेटलं ना? सीट होते."

सीट झाली. मी पाहिलेल्या त्यांच्या कामातली सगळ्यात देखणी. हिरवं रेक्झिन, उंच पाठ, मानेला उशी, डावी बाजू दोन बोटं खोल. सुकवंताबाईंनी पाठीवर पांढऱ्या रेक्झिनचा मासा शिवला होता. सोमाजींनी त्या माशावरून हात फिरवला. वेल्डरनं ती बोटीत बसवली, नारळ फुटला, टोल्यावरच्या बायकांनी सीटलाही कुंकू लावलं. सोमाजी तिच्यावर बसले ते एखाद्या पाहुण्यासारखे, हात मांडीवर ठेवून.

दसरा झाला. पाणी उतरायला लागलं. एका सकाळी मी, गुरुजी आणि टोल्यावरच्या जानकाआजी परत येत होतो. ऊन समोरून. टोल्यापासून थोडं पुढं आलो आणि बोट खालून कशालातरी धडकली. मागचा पंखा तुटल्याचा आवाज आला. जानकाआजी पुढं पडल्या, कपाळ फुटलं. माझा लशीचा डबा पाण्यात गेला आणि तरंगत राहिला. आम्ही वल्ह्यानं काठाला लागलो. आजींना उपकेंद्रात मीच दोन टाके घातले. टाके घालून होईपर्यंत त्या मला हसवत होत्या, मला मात्र रडू येत होतं. सोमाजी दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

सरपंचबाई आल्या, आजींना भेटल्या, सोमाजींना एवढंच म्हणाल्या, "दिवाळीपर्यंतच." दिवाळीला अकरा दिवस होते.

मी दुसऱ्या दिवशी तणतणत सडक अर्जुनीला गेले. डुलीचंदजींना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. कसली तुमची सीट, कसलं माप, एका म्हातारीचं डोकं फुटलं, एका माणसाची बोट चालली. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"धडकली तवा सोमाजी बसून होता का उभा?"

मी आठवलं. "उठत होते. अर्धवट उठले होते, तेवढ्यात धडकली."

त्यांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. कात्री ठेवून ते बाहेर हायवेकडे पाहत उभे राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याला सुकवंताबाईंनीच उद्या या म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या दिवशी पंखा बदलून झाला होता. मी काठावर पोहोचले तर तिथं गर्दी. एसटीतून डुलीचंदजी उतरले होते आणि त्यांच्या कमरेत ट्रकच्या चाकाची ट्यूब होती, फुगवलेली. बसमध्ये ती मावेना म्हणून कंडक्टरनं मागच्या सीटजवळ त्यांना ट्यूबसकट उभं ठेवलं होतं म्हणे. पोरं हसत होती, बाया पदर तोंडाला लावत होत्या. त्यांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. घामानं सदरा भिजलेला. बोटीत पाय ठेवताना त्यांनी एका हातानं सोमाजींचा दंड आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा असा काही धरला की माझ्या खांद्यावर चार दिवस बोटांचे वळ होते.

आत आल्या आल्या ते बोटीच्या तळाशी बसले. पहिल्यांदा बसलेलं पाहिलं ते हे. पाठ पाण्याकडं, तोंड सोमाजींकडं, ट्यूबमध्ये रुतलेले, दोन्ही हातांनी बाजूची फळी गच्च. मला हसू आलं आणि ते लगेच आवरलंही, कारण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"चालवा सोमाजी. रोज चालवता तशी."

बोट निघाली. मोकळ्या पाण्यात सोमाजी टेकून बसले होते. खुंटांचा पट्टा आला तसे उठले. पुढं पाहिलं, बसले. पुन्हा उठले. गुडघा वाजायचा, चेहरा वाकडा व्हायचा, पुन्हा बसायचे, कारण बसायचं असं मी सांगितलं होतं. डुलीचंदजींनी सबंध फेरीत पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते सोमाजींच्या कमरेकडे पाहत होते आणि ओठांत काहीतरी मोजत होते.

काठाला लागलो. ते उतरले, आधी ट्यूब काढली, मग बोलले.

"एकवीस खेपा उठला हा मानूस. सोमाजी, तुमाले उभं राहाव लागते हे तुमी मले काऊन नाही सांगितलं?"

सोमाजी मान खाली घालून म्हणाले, "सिस्टरबाईनं सांगितलं बसा म्हनून. तुमी एवढी सुंदर सीट बनवली, बाईनं मासा शिवला. मी कोन नाही म्हननारा? मले वाटलं तुमाले समजते."

आम्हा दोघांनाही समजत होतं. मला गुडघा समजत होता, डुलीचंदजींना खळगा समजत होता. सोमाजींना पाणी समजत होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मी आज लिहिते आहे तेवढं सरळ तेव्हा कुणी बोललं नाही. डुलीचंदजी एवढंच म्हणाले, "मी बोरीवर चाय पाजतो, बाई. चाय पितानी मानूस आराम करते. मी त्याच्या आरामाचं माप घेतलं, कामाचं घेतलंच नाही. ट्रकमंधी सोबत जातो म्हनून आजवर निभलं. यावेळी भेवानं नाही आलो अन् आजीचं डोकं फुटलं." मग ते जानकाआजींकडं गेले; त्या अलीकडच्या काठावर लेकीच्या घरीच थांबल्या होत्या. टाके पाहिले, त्यांच्या पाया पडले, एसटीनं परत गेले. ट्यूब हवा काढून काखेत.

पुढचे पाच दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. सुकवंताबाईंचा फोन यायचा, "टेबलापाशी नुसता उभा राहते जी. जेवतबी नाही धड." मी रोज आजींची पट्टी बदलून यायचे. दिवाळी जवळ येत होती.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानासमोर दूधवाला थांबला. रोजच थांबायचा. हायवे ओलांडायला ट्रकांच्या रांगेतून जागा मिळेपर्यंत तो सायकलवरून उतरत नसे. एक पाय जमिनीवर, दुसरा पॅडलवर, आणि बूड सीटच्या टोकाला जरासं टेकलेलं. उभाही होता आणि बसलाही होता. मान उंच, दोन्हीकडचा रस्ता दिसतो आहे. हे सुकवंताबाईंनीच मला नंतर सांगितलं. डुलीचंदजी धावत बाहेर गेले आणि त्या दूधवाल्याला म्हणाले, "हालू नोको!" बिचारा घाबरून दोन्ही कॅनसकट पडला असता. त्याच अवस्थेत, भर रस्त्याच्या कडेला, त्यांनी खडूनं आणि दोरीनं त्याचं माप घेतलं.

मग सोमाजींना बोलावणं आलं. या वेळी बोरीवर चहा नव्हता. बोरी टेबलाच्या कडेला कमरेच्या उंचीवर बांधलेली, आणि भिंतीवर एक जुनं स्टिअरिंग ठोकलेलं. "धरा. समोर खुंट हाय समजा. कुठं उभं राहान?" सोमाजी उभे राहिले, स्टिअरिंग धरलं, पुढं वाकून पाहिलं. बोरी त्यांच्या बुडाला जेमतेम लागत होती. डुलीचंदजींनी ती दोन बोटं वर केली, एक बोट खाली, पुन्हा वर. अर्धा तास हे चाललं. सोमाजींच्या गुडघ्यातून पहिल्यांदा कळ आली नाही तेव्हा ते "हां" म्हणाले. तिथं खूण केली.

नवी सीट अगदीच साधी दिसत होती. ट्रकच्या बंपरचा पाइप, त्यावर सायकलच्या सीटचा थोरला भाऊ म्हणावा असा रुंद, पुढं उतरता फोम. डावी बाजू दोन बोटं खोल. हिरवं रेक्झिन जुन्याच सीटचं आणि मासाही तोच, आता कमरेच्या जरा वर. खाली एक खिळी होती, ती काढली की सीट खाली यायची आणि मोकळ्या पाण्यात नीट बसताही यायचं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी ती बोटीत बसली. डुलीचंदजी पुन्हा आले, पुन्हा ट्यूब. या खेपेला मात्र ते बोटीत चढले नाहीत. काठावर ट्यूब घालून उभे राहिले. बोटीत सरपंचबाई, मी आणि जानकाआजी. आजींना कुणी बोलावलं नव्हतं, त्या कपाळाची पट्टी मिरवत स्वतःच येऊन बसल्या, म्हणाल्या, "माह्या डोक्यानं सुरू झालं, मी पाहतो ना आता."

खुंटांचा पट्टा आला. सोमाजी टेकलेले होते. हनुवटी वर, डोळे बारीक. बोट डावीकडं गेली, उजवीकडं गेली, हळू झाली, पुन्हा निघाली. ते एकदाही उठले नाहीत. उठायला ते बसलेच नव्हते. पलीकडं टोल्याच्या काठाला लागलो तेव्हा सरपंचबाईंनी दिवाळीचा विषय काढला नाही. त्या म्हणाल्या, "सोमाजी, होळीपर्यंत डिझेलचे डबे किती लागतीन ते सांगून ठेवजा." सोमाजींनी हो म्हटलं आणि तोंड पाण्याकडं फिरवलं. मीही दुसरीकडं पाहिलं.

परत आलो तर डुलीचंदजी तिथंच, ट्यूबमध्ये. "किती खेपा उठले?" त्यांनी दुरूनच ओरडून विचारलं. मी हातानं शून्य काढून दाखवलं.

त्यानंतर त्यांच्या दुकानातली रीत बदलली. बोरी टेबलाला बांधलेली राहिली आणि भिंतीवरचं स्टिअरिंगही. चहा आता माप घेऊन झाल्यावर मिळायचा. हरियाणावाले ड्रायव्हर भिंतीचं स्टिअरिंग धरून लाजत उभे राहायचे आणि एकमेकांचे फोटो काढायचे.

सोमाजींनी सहा वर्षं बोट चालवली. मग पूल झाला. टोल्यावर आता बाराही महिने जीप जाते. चांगलंच झालं, लशीचा डबा कोरडा राहतो. बोट काठावर पालथी घातली गेली. सोमाजी रोज सकाळी तिच्याजवळ येऊन उभे राहत. पुलानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, हाल झाले नाहीत. तेराव्याला डुलीचंदजी आले होते. जेवण झाल्यावर काठाकडं गेले. परतताना त्यांच्या काखेत सुतळीनं बांधलेली ती सीट होती, पाइपसकट. सोमाजींच्या मुलानंच नेऊ दिली होती.

मी निवृत्त झाले. गोंदियाला मुलीकडं राहायला जायचं ठरलं. सामान टेम्पोनं गेलं आणि मी निरोप घेत घेत सडक अर्जुनीला आले. हायवे चौपदरी झाला होता, दुकान सर्व्हिस रोडच्या खाली गेलं होतं, टांगलेली सीट शोधावी लागली. सुकवंताबाईंनी मशीनवरून हात उंचावला.

डुलीचंदजी टेबलाशी फोम कापत होते आणि ते बसले होते. टेबलासमोर जमिनीत पाइप रोवलेला, त्यावर हिरवी सीट. अर्धे टेकलेले, अर्धे उभे. रेक्झिनला दोन जागी चिरा गेलेल्या, माशाची शेपटी झिजून दिसेनाशी झालेली.

"आता बसलात म्हणायचं," मी म्हटलं. "थकलात का?"

"थकतो कायले? वय झालं तरी पाय खनखनीत हायेत." त्यांनी मांडीवर थाप मारली.

"मग रेक्झिन तरी बदला. सीटवाल्याच्या बुडाखाली फाटकी सीट."

"बदललं तं माप जाते, बाई."

चहा आला. मी माझी गोंदियाची माहिती सांगितली, त्यांनी ऐकली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, ते सरळ बसले नव्हते. सगळा भार डाव्या कुल्ह्यावर, उजवा पाय जमिनीवर नुसता टेकवलेला, मान उंच आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या स्टिअरिंगच्या पलीकडं कुठंतरी. सुकवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं.

बाहेर ट्रक लागला. ड्रायव्हर आत आला, "चाचा, कमर गई," म्हणाला. डुलीचंदजी उठले नाहीत. तसेच डावीकडं कलून बसल्या बसल्या त्यांनी त्याला भिंत दाखवली आणि म्हणाले, "पहले स्टेअरिंग पकडो."